मख्फीचा दिवान आणि मराठी क्रियापद

जेसी डंकन वेस्टब्रुक या इंग्रज बाईंनीं मगनलाल या हिंदी गृहस्थांच्या साहाय्यानें ‘जेबुन्निसेचा दिवान’ हें लहानसें इंग्रजी पुस्तक लंडन येथें इ. स. १९१३ मध्यें प्रसिद्ध केलें. मूळ फारसी दिवानांतील पहिल्या पन्नास गज्जलांचें त्यांत भाषांतर आहे. त्याच सालीं पॉल व्हॅली यांचें, त्याच दिवानांतील वेंच्यांचें, ‘जेबुन्निसेचे अश्रू’ हें पुस्तकही निघालें. हें दुसरें पुस्तक आतां क्वचितच दृष्टीस पडतें. पहिल्याच्या पुनर्मुद्रित प्रती मात्र पुष्कळ फिरतात, आणि ज्यांना फारसी येत नाहीं अशा आपल्याकडील वाचकांचें या राजकन्येच्या काव्याविषयींचें ज्ञान बहुतेक तेवढ्यावरच अवलंबून असतें. पुस्तक गोड आहे. भक्तिपर काव्याची आवड असणाऱ्यास तें मराठींत उतरावें असें वाटणें साहजिक आहे. तसें करूं इच्छिणाऱ्यानें लेखणी हातीं घेण्यापूर्वीं एका गोष्टीचा विचार करावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. हा दिवान कोणाचा, या प्रश्नाला बगल देऊन इंग्रजी भाषांतर करतां येतें. मराठींत तें करतां येत नाहीं. मराठी क्रियापद भाषांतरकर्त्याला पहिल्या दोन-चार ओळींतच अडवून विचारतें कीं, बोलणारा पुरुष कीं स्त्री?

प्रथम राजकन्येविषयीं निश्चित असें काय आहे तें पाहूं. जेबुन्निसा ही औरंगझेबाची थोरली कन्या. तिचा जन्म १५ फेब्रुवारी १६३८ रोजीं दौलताबाद येथें झाला. बाप त्या वेळीं दक्षिणेचा सुभेदार होता. आई दिलरस बानू ही शाहनवाझखान सफवीची मुलगी, म्हणजे इराणच्या राजवंशाच्या रक्ताची. तेव्हां फारसी ही या मुलीची केवळ दरबारी भाषा नव्हती, ती आजोळची भाषा होती. दिलरस बानू इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत औरंगाबादेस वारली. तिची कबर म्हणजेच ज्याला लोक ‘बीबीका मकबरा’ म्हणून ओळखतात ती इमारत. पुढच्याच वर्षीं औरंगझेब तक्तासाठीं उत्तरेस निघाला. तो फेब्रुवारींत बऱ्हाणपुरास आला व तेथें महिनाभर राहिला. सासरा बरोबर येण्यास टाळाटाळ करतो असें दिसतांच त्यानें त्याला बऱ्हाणपूरच्या किल्ल्यांत अडकवून ठेविलें. हा शाहनवाझखान पुढें सुटला, दाराच्या पक्षास मिळाला आणि इ. स. १६५९ मध्यें देवराईच्या लढाईंत मारला गेला. आईमागें आजोबाही असा गेला, आणि तोही बापाच्या विरुद्ध बाजूस लढतांना. राजकन्येच्या पुढील आयुष्याकडे पाहतांना ही गोष्ट विसरूं नये.

तिच्या विद्येविषयीं ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या बखरीची साक्ष भक्कम आहे. तिनें लहानपणीं कुराण मुखोद्गत केलें म्हणून बापानें तीस हजार मोहरा बक्षीस दिल्या. इराणांतील माझंदरान प्रांताहून आलेला मुल्ला सईद अश्रफ हा कवि तिचा शिक्षक होता. तिनें मोठा ग्रंथसंग्रह केला, विद्वानांस व लेखकांस वेतनें दिलीं. आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, फख्रुद्दीन राझी याच्या कुराणावरील अरबी महाभाष्याचें फारसी भाषांतर तिनें मुल्ला सफीउद्दीन अर्दबेली याजकडून करविलें, आणि त्यास तिच्या नांवावरून ‘झेबुत्तफासीर’ हें नांव मिळालें. एका भाषेंतील गहन विषय दुसऱ्या भाषेंत आणावा, त्यासाठीं द्रव्य खर्चावें, हें तिनें केलें. ज्यांना तिचें स्मरण ठेवावयाचें आहे त्यांनीं प्रथम याचें ठेवावें. गज्जलांच्या मानानें ही गोष्ट रूक्ष आहे, म्हणूनच बहुधा ती कोणी सांगत नाहीं.

इ. स. १६८१ त तिचा धाकटा भाऊ अकबर यानें बंड केलें. बंड फसलें. त्याच्या सोडून दिलेल्या छावणींत बहिणीचीं पत्रें सांपडलीं. तिची चार लक्षांची वार्षिक नेमणूक बंद झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि तिला दिल्लीस सलीमगडांत ठेवण्यांत आलें. अकबर तेवढ्यांत पळत पळत नर्मदा उतरला, बऱ्हाणपूरच्या बाजूस तापीवर आला, आणि तेथून पश्चिमेस वळून खानदेश-बागलाणच्या वाटेनें कोंकणांत संभाजीमहाराजांच्या आश्रयास गेला. ज्या पत्रांपायीं बहीण जन्माची कैदी झाली तीं पत्रें ज्याला लिहिलेलीं, तो मनुष्य आज जळगांव व धुळें जिल्ह्यांत मोडणाऱ्या मुलखांतून त्या उन्हाळ्यांत घोडा दामटीत गेला, हें आमच्या वाचकांस सांगावेंसें वाटतें. त्याच्या पाठोपाठ त्याच सालच्या नोव्हेंबरांत बादशहाही बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. तो पुन्हां उत्तरेस गेला नाहीं. बाप-लेकीची भेटही पुन्हां झाली नाहीं. जेबुन्निसा २६ मे १७०२ रोजीं दिल्लीस वारली. दक्षिणेंत यसूबाई व शाहूमहाराज यांच्या कैदेच्या काळांत जिचें नांव येतें ती झीनतुन्निसा, म्हणजे हिची धाकटी बहीण. मराठी कादंबऱ्यांनीं या दोघी बहिणींचा इतका घोळ करून ठेविला आहे कीं, येथें हा खुलासा करणें भाग पडलें.

येथवरचें सर्व ठीक आहे. दिवानाकडे वळतांच पायाखालची जमीन हलूं लागते.

दिवानांतील प्रत्येक गज्जलेच्या शेवटल्या शेरांत, म्हणजे मक्त्यांत, ‘मख्फी’ ही नाममुद्रा आहे. मख्फी म्हणजे लपलेला किंवा लपलेली. पडद्यांतील स्त्रीला हें नांव इतकें शोभतें कीं, तें एकाच स्त्रीनें घेतलें नाहीं. अकबराची बेगम सलीमा सुलतान ही मख्फी म्हणवीत असे. नूरजहानचेंही हेंच कविनाम सांगतात. शिवाय रश्त येथील एक मख्फी हा इराणांतीलच पुरुष कवि होय. असें असतां केवळ मुद्रिकेवरून एक अखंड दिवान एका राजकन्येच्या पदरांत घालणें हें धाडस आहे. बांकीपूरच्या खुदाबख्श ग्रंथालयाची फारसी सूचि करणारे मौलवी अब्दुल मुक्तदिर यांनीं ही शंका स्पष्टपणें मांडली, आणि यदुनाथ सरकार यांनीं औरंगझेबाच्या इतिहासांत ती मान्य केली. शिब्ली नुमानी यांचाही कौल हा दिवान तिचा नव्हे असाच आहे. मुख्य पुरावा अंतर्गत आहे. दिवानांतील कवि आपलें मूळ स्थान खुरासान म्हणून सांगतो. दौलताबादेस जन्मलेली आणि हिंदुस्थान कधींही न सोडलेली स्त्री असें कां म्हणेल? आजोळ इराणी म्हणून, असें उत्तर कोणी देतात. आम्हांस तें ओढाताणीचें वाटतें. आजोळच्या गांवाला कोणी स्वदेश म्हणून रडत नाहीं.

वेस्टब्रुकबाईंच्या प्रस्तावनेंत यांतलें कांहीं येत नाहीं. उलट तेथें राजकन्येचा मृत्यु १६८९ त घातला आहे, म्हणजे खऱ्या सालाच्या तेरा वर्षें आधीं. तिच्या मागें पस्तीस वर्षांनीं, इ. स. १७२४ त, तिची इतस्ततः विखुरलेली कविता गोळा करण्यांत आली व तीत ४२१ गज्जला भरल्या, असें त्या सांगतात. पुढें १७३० त आणखी भर पडली. हीं सालें क्षणभर मान्य केलीं तरी त्यांतून काय निघतें? कवीच्या हयातींत संग्रह झाला नाहीं. मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं कोणी तरी ठिकठिकाणचीं पानें जमविलीं. जमविणाऱ्यापाशीं ‘हें याचें’ म्हणण्यास मुद्रिकेखेरीज दुसरें साधन काय असणार? नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नाम्याचे अभंग कसे शिरले हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणें नको. ‘नामा’ दिसला कीं नामदेव, ‘मख्फी’ दिसलें कीं जेबुन्निसा. लिहिणाऱ्याची रीत दोहीं ठिकाणीं एकच. भर नेहमीं मोठ्या नांवाकडे जाते. मोठें नांव पदरचें कधीं देत नाहीं.

प्रस्तावनेनें आकिलखानाची गोष्टही घेतली आहे: राजकन्येवर त्याचें प्रेम, बादशहाचें अकस्मात् येणें, प्रियकर पाण्याच्या मोठ्या कढईंत दडलेला, खालीं जाळ लावलेला. आकिलखान राझी हा दिल्लीचा सुभेदार होता आणि इ. स. १६९६ त मरेपर्यंत त्या अधिकारावर होता. कढईंत शिजलेला मनुष्य सुभेदारी करीत नाहीं. सरकारांनीं या कथेचा समाचार घेतलाच आहे. शिवाजीमहाराजांना आग्र्यास पाहून ही राजकन्या मोहित झाली, ही आपल्याकडील नाटककारांची लाडकी कल्पनाही त्याच जातीची. आम्हांस या गोष्टींपेक्षां त्यांची रीत लक्षांत घेण्याजोगी वाटते. फारसींत आरंभीं कविता करणाऱ्या स्त्रियांत दहाव्या शतकांतील बल्खची राबिया गणली जाते; तिच्या फार थोड्या कविता शिल्लक आहेत, पण गुलामावरील प्रेमाची व भावाच्या हातून झालेल्या वधाची आख्यायिका मात्र भरपूर आहे. एकोणिसाव्या शतकांत कझवीनची कुर्रतुल-ऐन ताहिरा हिला तेहरान येथें इ. स. १८५२ त ठार करण्यांत आलें. तिच्या नांवावर गायिल्या जाणाऱ्या गज्जलांतील कांहीं दुसऱ्यांच्या असल्याबद्दल वाद आहेत. स्त्रीनें ईश्वराविषयीं लिहिलें म्हणजे लोकांना आधीं तिचा प्रियकर हवा असतो, आणि कविता कमी पडली तर ती दुसऱ्याकडून उसनी आणली जाते. स्वतः तिनें काय लिहिलें, हें या गर्दींत शेवटीं विचारलें जातें.

आतां भाषांतराविषयीं. तें ‘पहिल्या पन्नास’ गज्जलांचें आहे, या दोन शब्दांकडे इंग्रजी वाचकाचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. पोथ्या हाताळणाऱ्याचें मात्र गेलें पाहिजे. फारसी दिवान कालक्रमानें लावीत नाहींत, विषयक्रमानेंही लावीत नाहींत. यमकाच्या, म्हणजे चरणांतीं येणाऱ्या शेवटल्या अक्षराच्या वर्णक्रमानें गज्जला लावतात: आधीं अलिफ, मग बे, मग पुढचीं अक्षरें. म्हणजे पहिल्या पन्नास गज्जला म्हणजे कवीच्या तारुण्यांतील नव्हेत, निवडक उत्तम नव्हेत, कीं एका भावावस्थेंतील नव्हेत. वर्णमालेच्या आरंभाला ज्यांचीं यमकें पडलीं त्या त्या. आपल्या कोशाचा ‘अ’ ते ‘क’ एवढाच भाग वाचून मराठी भाषेचें चरित्र लिहावें, तसेंच आरंभींच्या अक्षरांवरून एका जिवाची साधना वर्णन करणें होय. वाचक मात्र पहिल्या कवितेपासून पन्नासाव्या कवितेपर्यंत एक प्रवास पाहतो, कारण पुस्तक म्हणून बांधलेल्या पानांत प्रवास पाहण्याची आपल्याला संवय आहे.

दुसरें, गज्जलेचा प्राण जो काफिया व रदीफ, तो इंग्रजींत टिकत नाहीं व येथेंही टिकलेला नाहीं. याबद्दल आम्ही दोष देत नाहीं. इंग्रजीस एका यमकाचा इतका पुरवठा नाहीं. परंतु रदीफ गेला कीं गज्जलेचे शेर सुटे राहत नाहींत, ते एकमेकांस चिकटून एक भावगीत होतें. मुळांत प्रत्येक शेर स्वतंत्र; एकांत मद्यशाळा, दुसऱ्यांत पिंजऱ्यांतला पक्षी, तिसऱ्यांत दिवा आणि पतंग, आणि त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे केवळ तो परत परत येणारा ध्वनि. ध्वनि काढून घेतला कीं वाचक अर्थाची दोरी शोधूं लागतो, आणि ती त्याला चरित्रांत सांपडते. पिंजरा म्हणजे सलीमगड. जाळें म्हणजे बापाचा हेरखाना. पण हा पिंजरा आणि हें जाळें हाफिझापाशींही आहे, आणि हाफिझाला कोणी किल्ल्यांत कोंडलें नव्हतें. तसेंच बुतखाना आणि जुन्नार हे शब्द दिसले कीं आपल्यापैकीं पुष्कळांना अकबराच्या काळचा धर्मसमन्वय आठवतो, कवयित्रीनें आपल्या देवळांकडे सहानुभूतीनें पाहिलें असें वाटतें. जुन्नार म्हणजे जानवें हें खरें. पण शिराझ सोडून हिंदुस्थानास कधीं न आलेल्या कवीनेंही तें गळ्यांत घातलेलें आहे. ही सूफी काव्याची ठरलेली मुद्रा आहे. आपल्याकडे चातक-मेघ जितका ठरलेला तितकीच.

एवढें म्हटल्यावर भाषांतराचे गुण सांगणें न्यायाचें आहे. ईश्वर आणि जीव यांतील ओढ, शरणागतीचा आर्त स्वर, आणि कर्मकांडाविषयींची उपेक्षा, हीं त्यांत उत्तम आलीं आहेत. शब्दांचा फापटपसारा नाहीं. भाषेचा अलंकार सांभाळतांना भक्तीचा धागा सुटत नाहीं. हा दिवान कोणाचाही असो, त्यांत एक खरा भक्त बोलत आहे, आणि तें इंग्रजींतूनही ऐकूं येतें.

आतां मुख्य मुद्दा. फारसी भाषेंत व्याकरणाचें लिंग नाहीं. ‘ऊ’ या एकाच सर्वनामाचा अर्थ तो आणि ती. ‘आमदम’ या एकाच क्रियापदाचा अर्थ मी आलों आणि मी आलें. फारसी दिवान वाचून कवि स्त्री कीं पुरुष हें क्रियापदावरून कळत नाहीं. म्हणूनच हा वाद इतकीं वर्षें चालूं शकला. इंग्रजींतही प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाहीं. त्यामुळें वेस्टब्रुकबाईंस शीर्षकांत एकदां राजकन्येचें नांव घालून पुढें निश्चिंत राहतां आलें. संस्कृतांतसुद्धां सोय आहे: ‘अहं गतः’ किंवा ‘अहं गता’ म्हणावें लागेल तेथें लङ् लकार वापरून ‘अगच्छम्’ म्हटलें कीं सुटका. मराठीला ही सुटका थोडी आहे. मी जातों कीं जातें, रडतों कीं रडतें, हरवलों कीं हरवलें, हें सांगितल्यावांचून मराठी पुढें सरकत नाहीं. गज्जल ही तर अथपासून इतिपर्यंत प्रथमपुरुषाची कविता.

समजा, कोणी भाषांतरकर्त्यानें शीर्षकावर विश्वास ठेवून सर्वत्र स्त्रीलिंगी क्रियापदें घातलीं. पुस्तक छापलें. पन्नास वर्षांनीं एखादा प्रबंधकार तें उघडील, पानोपानीं ‘मी जळतें, मी झुरतें’ वाचील, आणि लिहील कीं, दिवानाचा कर्ता स्त्री असल्याचा पुरावा कवितेंतच आहे. जो पुरावा मुळांत नव्हता तो भाषांतरानें उत्पन्न केला. कागद बनावट करणें हा गुन्हा आहे हें संशोधकांस सांगावयास नको. व्याकरणानें, कोणाच्याही मनांत पाप नसतां, तसाच कागद तयार होतो.

मग करावें काय? या कामीं मराठीस एक जुना गुरु आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांनीं १९२५ त ‘फार्शी-मराठी कोश’ दिला. उमरखय्यामाच्या रुबाया १९२९ त मूळ फारसीवरून मराठींत आणल्या. आणि १९३१ च्या ‘द्राक्षकन्ये’त त्याच कवीला पुन्हां, फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून, आणलें. एकच कवि दोन वाटांनीं आणून दोन्ही वाटा उघड सांगणें, हा प्रामाणिकपणा अनुकरण करण्यासारखा आहे. मख्फीच्या भाषांतरकर्त्यानेंही आपण इंग्रजीवरून आणतों कीं फारसीवरून, हें मुखपृष्ठावरच सांगावें. फारसीवरूनच आणावें हें उत्तम, कारण वृत्तांची अडचण आपल्याला इंग्रजांइतकी नाहीं. फारसींतील मुतकारिब म्हणजे चार यगण, म्हणजे आपलें भुजंगप्रयात. फिर्दौसीचा शाहनामा ज्या वृत्तांत आहे तें चालीनें मनाच्या श्लोकांचें सख्खें भावंड आहे. फक्त चरणाच्या अखेरचा एक गुरु कमी. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत समर्थसंप्रदायाच्या पोथ्या चाळणाऱ्यांनीं एकदां शाहनाम्याचा चरण मोठ्यानें म्हणून पाहावा. चार वेळां लघु व तीन गुरु येणारा हजझ हाही माधवरावांनीं वियद्गंगा या नांवानें आपल्याकडे रूढ केला आहे. साचा तयार आहे, शब्दही अर्धे आपलेच आहेत. दर्द, फिर्याद, गुन्हा, दिवाणा, बेहोष हे शब्द खानदेशांत शाळेंत न गेलेला मनुष्यही वापरतो.

क्रियापदाची अडचण राहिलीच. तिला आमच्या मतें तीन वाटा आहेत, आणि तिन्ही जुन्या मराठींत मळलेल्या आहेत. सकर्मक भूतकाळाचा कर्मणि प्रयोग कर्त्याचें लिंग सांगत नाहीं: मीं पाहिला, मीं ऐकिलें, हें दोघांनाही चालतें. भविष्यकाळही सांगत नाहीं: येईन, जाईन, शोधीन. कवितेंतला रीतीचा प्रयोगही तसाच: मी उठें, बसें, वाट पाहीं. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे ‘आम्ही’. आम्ही जातों, आम्ही रडतों, यांत बाईही बसते आणि बुवाही. फारसी कवि स्वतःस ‘मा’, म्हणजे आम्ही, म्हणतोच. तेव्हां हा उपाय कांहीं बाहेरून आणलेला नाहीं. (मासिकांतील लेखक स्वतःस ‘आम्ही’ कां म्हणवितात याचें एक कारण वाचकांस येथें अनायासें सांपडेल.) ज्या शेरांत यांपैकीं एकही वाट चालत नाहीं तेथें पुल्लिंगी क्रियापद घालावें, आणि तें केवळ रूढि म्हणून घातलें आहे असें प्रस्तावनेंत सांगावें. उर्दू गज्जलेंत स्त्रियाही पुल्लिंगीच लिहीत आल्या. तिथें तें क्रियापद कोणी पुरावा म्हणून वाचत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्ञानदेवांच्या विराण्यांत पुरुषानें स्त्रीचा आवाज घेतला आहे. मग भक्तीच्या काव्यांत लिंगाचें एवढें अवडंबर कशास? जीव हा सदैव प्रकृति, देव तो पुरुष; सर्वत्र स्त्रीलिंग घाला आणि मोकळे व्हा. उत्तर असें कीं, विराणी कोणाची हें आपल्याला बाहेरून माहीत आहे. तेथें स्त्रीलिंग हा वेष आहे आणि तो वेष आहे हें सर्वांस ठाऊक आहे. मख्फीच्या बाबतींत वेष कोणता आणि अंग कोणतें हेंच ठरलेलें नाहीं.

या जागीं आम्हांस दुसऱ्या एका स्त्रीचें स्मरण होतें. जेबुन्निसा दौलताबादेस जन्मली त्याच्या दहा वर्षें आधीं, इ. स. १६२८ त, वेरुळापासून फार दूर नसलेल्या देवगांवीं बहिणाबाई जन्मली. पुढें ती शिऊरकर म्हणून प्रसिद्ध झाली. ती इ. स. १७०० त वारली, राजकन्या १७०२ त. दोघींचें आयुष्य जवळजवळ सारखें लांब, जन्मभूमि जवळजवळ एक. बहिणाबाईनें आपल्या अभंगांत आईबाप, नवरा, कपिला गाय आणि तिचें वासरू, स्वप्नांत झालेलें तुकोबांचें दर्शन, नवऱ्याचा मार, पूर्वींचे बारा जन्म हें सर्व स्वतः सांगून ठेविलें. ‘वज्रसूचि’ या संस्कृत ग्रंथाचा आशय, म्हणजे ब्राह्मण कोणाला म्हणावें हा प्रश्न, तिनें मराठी अभंगांत उतरविला. म्हणजे वेदाचा अधिकार नाकारलेली ही बाई भाषांतरकर्तीही होती. जस्टिन अ‍ॅबट यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर पुण्यास १९२९ त प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढें कर्तृत्वाचा प्रश्नच उभा राहिला नाहीं. तिच्या क्रियापदानें तो आधींच सोडविलेला होता. ज्या स्त्रीपाशीं ग्रंथालय, पंडित, कागद व चार लक्षांची नेमणूक होती तिचा एक शेरही आज खात्रीनें तिचा म्हणतां येत नाहीं. आणि जिला घरीं मार बसत होता तिचें सगळें आपल्यापाशीं आहे. याचें कारण भाग्य नव्हे. वारकऱ्यांच्या फडांनीं व घराण्यांनीं तें तोंडपाठ ठेविलें, पोथ्या उतरविल्या. महालांतील कागद जप्तींत गेले. विसाव्या शतकांत जळगांवाजवळ असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनाही लिहितां येत नव्हतें. जात्यावर व शेतांत म्हटलेलें त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीं व घरच्यांनीं उतरून घेतलें, आणि १९५२ त, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, तें छापलें गेलें. ऐकणारा घरांत होता. मेहूण-एदलाबादच्या मुक्ताईचें तसें नाहीं. तिच्या नांवावरच्या सर्व पदांविषयीं आम्ही एवढ्या निश्चयानें बोलणार नाहीं. तेथें मख्फीचाच रोग थोडाफार आहे.

शेवटीं संग्राहकांसाठीं दोन शब्द. खानदेशांत फारुकी सुलतानांचा अंमल चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत, आणि त्यापुढें मोंगलांचा, असा फारसीचा वापर शतकानुशतकें चालला. थाळनेर, बऱ्हाणपूर, एरंडोल या बाजूच्या घराण्यांच्या दप्तरांत सनदांबरोबर एखादी कवितेची वहीही निघणें अशक्य नाहीं. तींत मक्त्यांत ‘मख्फी’ दिसलें कीं विक्रेता राजकन्येचें नांव घेतो, कारण त्या नांवानें किंमत चढते. घेणाऱ्यानें तें नांव कर्त्याच्या रकान्यांत लिहूं नये. तेथें ‘मख्फी’ एवढेंच लिहावें, आणि जेबुन्निसेचें नांव, लिहावयाचेंच तर, ‘परंपरेनें’ या शब्दासह शेऱ्यांत घालावें. पहिल्या पानावरील शीर्षक बहुधा मागाहूनच्या हातचें असतें. अक्षर निराळें आहे काय तें पाहावें. मग शेवटचें पान उलटावें. लेखकानें, म्हणजे नक्कल करणाऱ्यानें, हिजरी साल घातलें असेल तर तें सर्वांत मोलाचें. हिजरी १०६० म्हणजे इ. स. १६५०; त्या सालीं राजकन्या बारा वर्षांची होती. या दिवानाची त्याच्या आधींची एक जरी तारीखवार प्रत निघाली तरी वाद मिटला. आणि ती इकडच्या एखाद्या पेटाऱ्यांत, कसरीनें अर्धवट खाल्लेली, निघणार नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं. अशी प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनीं शेवटच्या पानाचें छायाचित्र मंडळाकडे पाठवावें. पोथी पाठवूं नये.